तीस घरांचं मंगलाष्टक

दादर, मुंबई
५ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय ऋता,

तुला अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, तिकडे तुम्ही तिघं ठीक असाल असं धरून चालते. नूपुरच्या लग्नाची तारीख ठरल्याचा तुझा मेसेज मिळाला. मार्गशीर्षातली मिळाली हे बरं झालं. नाशिकला तेव्हा थंडी असते, माणसं कार्यालयात घामाघूम होत नाहीत आणि शालूही अंगावर सहन होतात. परवा हिंदमाताला जाऊन मी माझ्यापुरती एक साडी घेऊन आले. जांभळी आहे. तुला आवडणार नाही, पण मला फिरायचा कंटाळा आला आणि दुसऱ्याच दुकानात मी हार मानली.

गेल्या काही महिन्यांत तू एवढे फोन केलेस आणि मी एकही घेतला नाही. क्लास चालू आहे, दाराशी कुणी आलंय, चार्जिंग संपलं, अशी कारणं मी तुला कळवत आले. ती सगळी तुला पटली असतील इतकी काही तू भोळी नाहीस. खरं सांगायचं तर मोबाइलवर टाइप करून माझे अंगठे दुखतात आणि कागद पुढे असला की मला सुचतं. आई होती तोवर आपण दोघी पंधरवड्याला पत्र लिहीत होतो. तेव्हा तुला माझं अक्षर आवडायचं. आता तेच गोड मानून घे.

आधी एक गंमत सांगते, मुद्द्याचं मग. तुझी ताई सध्या खेळण्यांशी खेळते.

परळला एके ठिकाणी मला अधूनमधून जावं लागत होतं. कुठे ते राहू दे. तिथे बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसायची. सीमा तिचं नाव, पन्नाशीची आहे, महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिच्या कानात इअरफोन आणि मांडीवर एक यंत्र असायचं, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढं, त्यावर दोन ओळींत बटणं. ती एकेक बटण दाबायची की तिथे लाल दिवा लागायचा. दोनतीनदा मी नुसतं चोरून बघितलं. मग एकदा तिने एक इअरफोन काढून न बोलता माझ्या हातात ठेवला. कानात घातला तर ठेका चालू होता. ढोलकीसारखा, पण ढोलकी नव्हे, आणि त्याच्याखाली एक जाड खर्ज फिरत होता. सीमाने यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि एका बटणाकडे बोट केलं. मी दाबलं. पुढच्या फेरीत त्या जागी 'टण्' वाजलं. ऋता, इतकी वर्षं मी गातेय, पण त्या एका 'टण्'ने मी अशी खूश झाले की समोरच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली.

तुला कळावं म्हणून सांगते. आपल्या घरी तो इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता ना, ज्याला अण्णा शेवटपर्यंत 'तुझा रेडिओ' म्हणत राहिले, त्याच्याच नात्यातलं हे. सोळा बटणं म्हणजे सोळा घरं. दिवा घराघरातून फिरत जातो. ज्या घरात सूर ठेवलास तिथे वाजतो, रिकाम्या घरात गप्प असतो, आणि शेवटाला पोचला की पुन्हा पहिल्यापासून. सोळा म्हणजे आपला सरळ तीनताल, त्यामुळे मी काही तिथे पाहुणी नव्हते. वर चार खुंट्या आहेत. एक फिरवली की सूर सर्दी झाल्यासारखा नाकात जातो, दुसरी फिरवली की कितीतरी वेळ रेंगाळतो. रियाज नको, बोटं तयार नकोत, दम नको. कुठे काय वाजायचं ते ठरवलं की झालं, लय ते सांभाळतं. दमलेल्या माणसाला याच्यापेक्षा सोयीचं वाद्य मी तरी पाहिलेलं नाही.

मग मीही एक घेतलं, लॅमिंग्टन रोडवरून, कुणीतरी वापरून विकलेलं. उधळपट्टी म्हणू नकोस, तुझ्या एका पैठणीत असे चार येतील.

आता रविवारी दुपारी मी करी रोडला सीमाकडे जाते. त्यांची चाळ होती तिथेच टॉवर झाला, त्यात चौदाव्या मजल्यावर तिला जागा मिळाली. तिचे वडील, बुधाजी, जलशांत गायचे. ते गेले, त्यांची खंजिरी भिंतीवर आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आम्ही दोघींची यंत्रं एका वायरीने जोडतो म्हणजे ती एका लयीत चालतात. तिच्याकडे तिसरंही एक आहे, ते बाहेरचा आवाज पकडून ठेवतं आणि मग बटणावर वाजवून दाखवतं. चमचा वाटीवर आपटून आम्ही त्याच्या झांजा केल्या. तिच्या कुकरची शिटी थोडी खाली उतरवली तर कोमल गंधारात बसली, लावणीच्या ठेक्यामागे ती इतकी शोभली की आम्हाला हसू आवरेना. बोलणं फार होत नाही आमचं. संध्याकाळी मी घरी येते तेव्हा पाठ दुखत असते आणि डोकं हलकं असतं.

मध्यंतरी मला अवदसा आठवली आणि मी त्यात शार्दूलविक्रीडित घालायला गेले. मंगलाष्टकाचं वृत्त. लघूला एक घर, गुरूला दोन. दिव्याच्या दोन फेऱ्या म्हणजे बत्तीस घरं, आणि ओळ भरली तीसच. उरलेली दोन घरं रिकामी राहिली, त्यामुळे प्रत्येक ओळ संपली की एक खड्डा पडायचा, गुरुजी अक्षता शोधायला थांबल्यासारखा. मी चार दिवस शब्द ताणून तो खड्डा बुजवत बसले. सीमाने बघितलं आणि शेवटची दोन घरं बंदच करून टाकली. तशी सोय त्या यंत्रात पहिल्यापासून होती. आता दिवा तीसपाशी वळतो आणि ओळीला ओळ लागते.

मंगलाष्टकं लिहायला घेतलीच आहेत. आठातली पाच झाली. पहिली अशी सुरू होते:

दारी तोरण बांधले कुणि कुणी, कोणी उभे अंगणी

बरी वाटते का ते कळव.

आता मुद्दा. माझी अशी सूचना आहे की मी मंगलाष्टकं इथूनच ध्वनिमुद्रित करून पाठवते, मागे आमच्या यंत्रांचं संगीत असेल. हल्ली पुष्कळ लग्नांत असं करतात. कार्यालयाचे माइक भरवशाचे नसतात, ऐन वेळी शिट्ट्या मारतात, आणि नाशिकच्या थंडीत माझा घसा धरतो हे तुला माहीत आहे. मी लग्नाला येणारच आहे. फक्त माइकपुढे उभं राहायला नको. उन्मेषरावांना विचार, त्यांना ही कल्पना आवडेल, त्यांना यंत्रांची हौस आहे.

बाकी सगळं ठीक. नूपुरला आशीर्वाद, उन्मेषरावांना नमस्कार. फोन करू नकोस, लिही.

तुझी
ताई

·

दादर, मुंबई
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय ऋता,

फराळाचं पार्सल आणि त्यातलं पत्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता, पण मी तो दह्यात कालवून खाल्ला. अनारसे आईसारखे झालेत. यंदा मी काहीच केलं नाही. आकाशकंदील लावला, तोही शेजारच्या प्रितीने स्टुलावर चढून.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला दोन दिवस घेतले.

तू लिहिलंयस की मी रुसलेय. साखरपुड्याची तारीख मला न विचारता धरली, मानाची साडी घेऊन तुम्ही दोघं दादरला आला नाहीत, म्हणून मी ताप आल्याचं सांगून साखरपुडा चुकवला, म्हणून फोन घेत नाही आणि म्हणून आता मंगलाष्टकांची टेप पाठवतेय. पुढे लिहिलंयस की मान हवा असेल तर तू स्वतः येऊन माझी ओटी भरशील, पायावर डोकं ठेवशील, पण नूपुरच्या लग्नात हे नको. आपल्या मामींनी तुझ्या लग्नात पंगतीवरून जो तमाशा केला होता तो पाहिलेल्या माणसाला दुसरं काही सुचणार नाही, हे मला कबूल आहे. मीही तुझ्या जागी हेच धरून चालले असते. पण ऋता, मी अठ्ठावन्न वर्षांची झाले. रुसायला जी ताकद लागते ती आता माझ्यात नाही.

त्याच्यापुढे तू जे लिहिलंस ते मी इथे उतरवते, म्हणजे तुला कळेल की ते मी नीट वाचलंय. 'मुलीच्या आईने लग्न बघायचं नाही, ही आपल्या घरची रीत. अक्षता पडतील तेव्हा मी आतल्या खोलीत तुळशीला पाणी घालत बसलेली असेन. अंतरपाट मला दिसणार नाही, नूपुर दिसणार नाही. आई माझ्या लग्नात अशीच बसली होती, पण तू बाहेर म्हणत होतीस आणि तिला ऐकू येत होतं. तुझा आवाज येईल तेवढंच माझ्या वाट्याचं लग्न. तिथेही तू मला टेपच देणार असशील तर येऊ नकोस. टेप लावायला मला माणसं मिळतील.'

टेप लावायला माणसं मिळतील हे खरं आहे. म्हणून आता सांगते.

माझा आवाज गेला आहे.

बसला नाही, घसा धरला नाही, गेला. मे महिन्यात गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. गाठ साधी निघाली, त्याची काळजी सोड, रिपोर्ट माझ्याकडे आहेत, आलीस की बघ. पण ती आवाजाच्या नसेला चिकटलेली होती आणि काढणं भाग होतं. डॉक्टरांनी आधीच सगळं समजावलं होतं आणि मी सही केली होती, तेव्हा कुणाच्या नावाने बोटं मोडू नकोस. उजव्या बाजूची स्वरपट्टी हलायची थांबली. मी बोलते तेव्हा नुसता वारा येतो, त्यात थोडी खरखर. शेजारी बसलेल्याला कळतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कळत नाही. रिक्षावाल्याला मी पत्ता मोबाइलवर लिहून दाखवते.

ऑपरेशनच्या आठवड्यातच साखरपुडा होता. ताप हे खोटं होतं. खरं सांगितलं असतं तर तू साखरपुडा सोडून उशाशी येऊन बसली असतीस, हे मला माहीत होतं आणि मला ते नको होतं. प्रिती होती माझ्याबरोबर. मग डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत नस सुधारू शकते, वाट बघा. मी वाट बघितली. म्हटलं, परत आला की एकदम सांगू, हसत सांगू. क्लासच्या मुलींना सुट्टी दिली आणि मी गावाला जातेय म्हणाले. अजून दारावरची पाटी उतरवलेली नाही. तुझा फोन वाजला की मी तो हातात घेऊन बसायची, बंद होईपर्यंत. घेतला असता तर तू पहिल्याच शब्दाला ओळखलं असतंस, आणि तू ओळखलंस म्हणजे ते कायमचं झालं, असं मला वाटायचं. आता पाच महिने झाले. परवा डॉक्टरांनी सांगितलं की एक इंजेक्शन देता येतं, त्याने बोलणं थोडं भरेल. गाण्याचं त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही.

परळला मी कुठे जात होते ते आता तुला कळलं असेल. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे. तो बाक तिथलाच. सीमालाही तिथेच पाठवलं होतं. पन्नास मुलांच्या वर्गात ओरडून ओरडून तिच्या घशात गाठी आल्या होत्या आणि तिला मौन सांगितलं होतं. गेल्या पत्रात मी सहज लिहून गेले की आमचं बोलणं फार होत नाही. एक शब्दही होत नव्हता, ऋता. एकीला मनाई आणि दुसरीला जमत नाही. मोबाइलवर लिहून दाखवायचं, नाहीतर बोट दाखवायचं. त्या यंत्रांचं मला सुरुवातीला एवढं का वाटलं ते यात आलं. तिथे गळ्याचं काही कामच नव्हतं. मी घर निवडायची, ती सूर बदलायची, मी खुंटी पिळायची, आणि ते जे काही वाजायचं ते आम्हा दोघींचं असायचं. मजा यायची, अजूनही येते. यात तुला फसवलेलं काही नाही. पाच महिन्यांत मला जेवढं हसू आलं ते सगळं त्या ओट्यापाशी आलं.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी सीमाने दार उघडलं आणि म्हणाली, "या ताई, आज लिफ्ट बंद होती काय?"

मी उंबऱ्यातच थांबले. इतक्या दिवसांच्या मैत्रीत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. जाडसर आहे, थोडा पुरुषी, वर्गाच्या शेवटच्या बाकाला जाणारा. तिच्या गाठी विरल्या होत्या, तिचं मौन सुटलं होतं. मी तिचा हात धरला, छान म्हणाले, मला जसं म्हणता येतं तसं. आणि मग मला तिचा इतका हेवा वाटला की बसवेना. काय वाजवलं ते आठवत नाही. वाईट वाजवलं. माझ्या लक्षात आलं की सीमा पुन्हा बोलायची थांबलीय, मुद्दाम, माझ्यासाठी. त्याचा मला आणखीच राग आला. मी मोबाइलवर लिहिलं, माझ्याकरता गप्प बसू नका. ती म्हणाली, "बरं, नाही बसत. मग ऐका आता, शाळेतलं सांगते." आणि तासभर हेडमास्तरांबद्दल बोलत राहिली. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात तिच्या प्रत्येक शब्दाला सूर लावून बघत होते. घरी येऊन दिवा न लावता पडून राहिले. पुढच्या रविवारी गेले मात्र. नाही गेले असते तर रविवारचं काय करायचं हा प्रश्न होता.

आता त्या टेपबद्दल.

मी तुला ध्वनिमुद्रणाचं लिहिलं ते कशाच्या जिवावर, असं तुला वाटेल. सीमाकडचं ते तिसरं यंत्र, आवाज पकडून ठेवणारं. क्लाससाठी मी वर्षानुवर्षं सरगमी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या, भजनं होती, नूपुरच्या बारशाला मी पाळणा म्हटला होता त्याची कॅसेट होती. प्रितीने ती कुठूनतरी मोबाइलवर उतरवून आणली. एक दिवस आम्ही गंमत म्हणून माझा षड्ज त्या यंत्रात घातला. बटण दाबलं आणि मी वाजले. चाळिशीतली मी, भरलेल्या गळ्याची. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजले. आम्ही माझ्या षड्जाला कुकरच्या शिटीशेजारी बसवलं, उलटा वाजवला, खर्जात नेला तर मी अण्णांसारखी वाजायला लागले. खूप हसलो. मग सीमा चहा टाकायला उठली आणि मी एकटी ते बटण दाबत राहिले. चहा निवला तरी दाबत होते.

तिथून ते मंगलाष्टक निघालं. ती तीस घरं मी हौसेने मांडली होती, पण तुला पत्र लिहिलं तोवर त्यांचं दुसरंच काम ठरलं होतं. त्या घरांत माझ्या जुन्या आवाजातलं एकेक अक्षर बसवायचं. 'दा' एका भजनातून, 'री' सरगमीतून, 'तो' कुठल्यातरी अंगाईतून. 'नूपुर' पाळण्यातून आख्खी मिळाली. लग्नात ते लागलं असतं, मी जांभळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले असते, घसा बसलाय म्हणून गळ्याभोवती मफलर गुंडाळला असता, आणि कुणाला कळलं नसतं. माझा असा बेत होता.

ओळीला ओळ लागायला तीन रविवार गेले. शेवटी पूर्ण अष्टक एकदा सलग लावलं. सूर पक्के होते, वृत्तात कुठे खोट नव्हती. पण त्यात श्वास नव्हता, ऋता. चरणाच्या मध्ये जिथे माणूस थांबतो, थोडी हवा घेतो, तिथे काहीच नव्हतं. अक्षरं एकामागे एक येत होती, माझीच, आणि ती म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. हॉलमधल्या चारशे माणसांना समजलं नसतं. तुळशीपाशी बसून नुसत्या कानांनी लग्न बघणाऱ्या माणसाला समजलं असतं. तू मला आतून उठून विचारायला आली असतीस.

सीमा ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "ताई, भारी झालंय. पण हे नका पाठवू. आधी बहिणीला सांगा, मग काय ते करा." मी म्हटलं, सांगते. त्यालाही चारपाच दिवस झाले. मग तुझं पत्र आलं.

ते अष्टक मी पुसलेलं नाही. पुसायला गेले, धीर झाला नाही. सीमाकडे राहू दे.

आता लग्नाचं. नूपुरला तू सांग, आधीच सांग, म्हणजे ती मांडवात माइक घेऊन माझ्याकडे वळणार नाही. उन्मेषरावांनाही सांग. बाकीच्यांना घसा बसलाय एवढं पुरे. रडायचं असेल तर हे पत्र वाचून आत्ताच रडून घे, कार्यालयात मला बघून नको, मला तुझी समजूत घालता येणार नाही, त्याला बोलावं लागतं. कुणी मला 'दोन ओळी म्हणा ना' म्हणायला आलं तर तू मध्ये पड. तू लहानपणी पडायचीस तशी, कोपरं बाहेर काढून.

मंगलाष्टकं आठही झाली, सोबत पाठवतेय. मांडवात ती नूपुरच्या आत्या म्हणू देत, त्यांचा गळा चांगला आहे, वरच्या सुरात थोडा चिरकतो, पण त्या वेळी कुणी ऐकत नाही. सातवं मी तुझ्यासाठी लिहिलंय. त्यातली शेवटून दुसरी ओळ वाच:

जो तो आज तुला बघून विसरे बोलावयाचे किती

मी फार दमलेय, ऋता. आवाज नसण्यापेक्षा तो आहे असं पाच महिने भासवण्याने जास्त. आज हे लिहून झालं आणि मला दुपारी झोप लागेल असं वाटतंय.

तू तुळशीपाशी बसशील तेव्हा तुझ्या शेजारी एक पाट मांडायला सांग. मी पहिल्या रांगेत बसणार नाही, मांडवातही नसेन. आत्या बाहेर म्हणायला लागल्या की मी आत तुझ्या कानाशी म्हणेन, आठही, पहिल्यापासून शेवटच्या सावधानपर्यंत. सुरात येणार नाही. खरखर असेल, मध्ये मध्ये नुसता वारा असेल, आणि श्वास मला दर चरणाला दोनदोनदा घ्यावा लागेल. पण पाटाला पाट लावून बसलं तर माझा शब्द न् शब्द ऐकू येतो, हे मी सीमाकडून खात्री करून घेतलंय. तू पाणी घालत राहा. हात थांबवू नकोस.

तुझ्या शेजारच्या पाटावर बसणारी
ताई